मिश्रधातूंची आम्लपरीक्षा : प्रस्तावना

इ. स. १८९२ मध्ये शेफील्डचे पोलादतज्ज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांनी लोखंड आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूंविषयीचे आपले विस्तृत संशोधन प्रसिद्ध केले, आणि त्यातील अनेक बहुमोल निरीक्षणांच्या जोडीला असाही एक निष्कर्ष नमूद करून ठेवला की, क्रोमियम मिसळल्याने पोलादाची क्षरणाला तोंड देण्याची शक्ती वाढत तर नाहीच, उलट ती खालावते. हॅडफील्ड हे उतावीळपणे मत देणारे गृहस्थ नव्हते; मँगनीज-पोलादाचा शोध दहा वर्षांपूर्वीच त्यांच्या नावे रुजू झालेला होता, आणि धातूंच्या बाबतीत त्यांची साक्ष त्या काळी शेवटची मानली जात असे. प्रयोगही त्यांनी सचोटीनेच केले होते. फक्त ज्या द्रवात नमुने बुडवून त्यांनी पाहिले, तो द्रव म्हणजे ५० टक्के तीव्रतेचे गंधकाम्ल होते, आणि त्या आम्लात क्रोमियमचे पोलाद खरोखरच साध्या पोलादापेक्षा लवकर झिजते. हेच नमुने नत्राम्लात सोडले असते, किंवा शेफील्डच्या सर्द हवेत नुसते टांगून ठेवले असते, तर निकाल कदाचित अगदी उलट लागला असता, आणि पुढे वीस वर्षांनी त्याच गावात दुसऱ्या एका माणसाच्या हातून जो शोध लागावयाचा होता, त्याचे श्रेय हॅडफील्ड यांच्या पदरात पडले असते.

हा दाखला अगदी आरंभीच देण्याचे कारण असे की, मिश्रधातूंच्या आम्लरोधकतेविषयी आजही जे गैरसमज कारखान्यांच्या खरेदीखात्यांत आणि क्वचित महाविद्यालयांच्या वर्गांतही नांदत आहेत, त्या सर्वांचे बीज या एका प्रयोगात सापडते. काठिण्य, घनता किंवा विद्युत्‌वाहकता हे जसे धातूचे स्वतःचे गुण आहेत, तसाच आम्लरोधकता हाही त्याचा अंगभूत गुण असून एकदा मोजून तक्त्यात टिपून ठेवला की काम भागले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः आम्लरोधकता ही धातू आणि आम्ल या दोन पक्षांमधील करारासारखी आहे. त्या करारात आम्लाची तीव्रता, उष्णता, त्यात विरघळलेला ऑक्सिजन, आणि चिमूटभर मिसळलेली अन्य लवणे, या सर्वांची कलमे असतात, आणि त्यांपैकी एकही कलम बदलले की सगळा करार रद्द होऊ शकतो. ‘आम्लरोधक’ एवढेच विशेषण लावून विकला जाणारा कोणताही धातू माझ्या मते संशयास पात्र आहे. कोणत्या आम्लात, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या विशेषणाला काही अर्थच उरत नाही.

आपल्याकडे हा विषय प्रयोगशाळेच्या पुष्कळ आधी स्वयंपाकघरात आणि सोनाराच्या पेढीवर रुजला होता. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा कोकमाचे सार ठेवले तर ते कळकते, हे घरोघरी ठाऊक होते, आणि म्हणून नवसागराच्या धुरात भांडे तापवून त्यावर कथलाचा पातळ थर चढविणारा कल्हईवाला वर्षातून एकदोनदा गल्लीत येत असे. सोनाराचे ज्ञान याहून सूक्ष्म होते. कसोटीच्या दगडावर उमटवलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकावा, हिणकस सोन्याची रेघ फिकी पडते किंवा पुसली जाते आणि चोख सोन्याची जशीच्या तशी राहते, एवढे तर तो जाणत होताच. परंतु सोन्यातील चांदी तेजाबाने काढून टाकावयाची झाल्यास आधी त्या सोन्यात आणखी चांदी मिसळून सोन्याचा वाटा सुमारे चतुर्थांशावर आणावा लागतो, ही सकृद्दर्शनी उफराटी वाटणारी रीतही जगभरच्या धातुशोधकांना शतकानुशतके अवगत होती. कारण असे की, सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर चांदी तेजाबाला वश होत नाही. सोन्याच्या आड ती सुरक्षित बसते. गोटिंगेनचे गुस्टाफ टामान यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या रूढ ज्ञानाला शास्त्राचे स्वरूप दिले आणि असे दाखविले की, अणुसंख्येच्या मानाने सोने साधारण निम्म्यापर्यंत पोहोचले की नत्राम्लाचे चांदीवरील आक्रमण जवळजवळ एकाएकी थांबते. पुढे अनेक दशकांनी याची उपपत्तीही लागली. चांदीचे अणू जोवर एकमेकांना लागून अखंड वाटा तयार करतात, तोवर आम्ल त्या वाटांनी धातूच्या पोटात शिरत जाते आणि मागे सोन्याचा सच्छिद्र स्पंज उरतो. वाटा तुटल्या की आम्लाचा प्रवेशच बंद होतो.

येथे जी गोष्ट ध्यानात धरावयाची ती ‘एकाएकी’ ही होय. मिश्रधातूत एखाद्या घटकाचे प्रमाण हळूहळू वाढवीत नेले म्हणजे त्याची आम्लरोधकताही त्याच चालीने वाढेल, अशी त्रैराशिकाची अपेक्षा येथे फोल ठरते. बराच काळ काहीच होत नाही, आणि मग एखादी सीमा ओलांडताच सर्व काही पालटते.

लोखंडाच्या बाबतीत ही सीमा कोठून येते हे कळण्यासाठी मायकेल फॅरेडे यांच्याकडे वळावे लागेल. फॅरेडे यांचे नाव आपण विजेशी जोडतो. परंतु तरुणपणी त्यांनी आपल्या दक्षिण हिंदुस्थानातील वूट्झ पोलादाचे रहस्य उकलण्याच्या ईर्ष्येने जेम्स स्टोडार्ट यांच्या सहकार्याने पोलादात नाना धातू मिसळून पाहिले होते, आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात क्रोमियमचाही समावेश होता. (ते जुने नमुने पुढे शतकभर एका पेटीत पडून राहिले, आणि १९३१ मध्ये त्यांची तपासणी करून त्यावर ग्रंथ लिहिणारे गृहस्थ हॅडफील्डच होते, दिल्लीच्या लोहस्तंभाचे पृथक्करणही १९१२ मध्ये त्यांनीच केले होते. इतिहासाच्या दप्तरात काही नावे अशी पुनःपुन्हा सापडतात.) १८३६ मध्ये बाझलचे रसायनज्ञ शोनबाइन यांनी फॅरेडे यांना पत्राने एक चमत्कारिक अनुभव कळविला. सौम्य नत्राम्लात लोखंड टाकले तर ते खवळून विरघळते. परंतु अत्यंत तीव्र नत्राम्लात तेच लोखंड अविचल पडून राहते, आणि एवढ्यावर न थांबता, एकदा तीव्र आम्लातून निघालेले लोखंड मागाहून सौम्य आम्लात ठेवले तरी काही वेळ तसेच निर्विकार राहते. मात्र त्यावर एक ओरखडा ओढावा, की आक्रमण तत्काळ सुरू होते. शोनबाइन यांनी या अवस्थेला निष्क्रियता असे नाव दिले. फॅरेडे यांचा तर्क असा होता की, धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइडाचा, किंवा ऑक्सिजनाशी तत्सम संबंध असलेला, डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा तयार होत असावा. दिसत नसलेल्या वस्तूचे अस्तित्व केवळ तर्काने मानावे की नाही, यावर पुढे नव्वद वर्षे वाद चालला. अखेर १९२७ मध्ये केंब्रिज येथे यूलिक इव्हान्स यांनी खालचे लोखंड विरघळवून तो पापुद्रा सुटा करून दाखविला, आणि फॅरेडे यांचा तर्क प्रत्यक्ष पुराव्याने खरा ठरला.

कल्हई आणि हा पापुद्रा यांतील भेद एकदा नीट समजून घेतला तर या विषयातील निम्मी कोडी आपोआप सुटतात. कल्हई बाहेरून चढविलेली असते. ती झिजली की खालचे तांबे उघडे पडते आणि कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावे लागते. निष्क्रियतेचा पापुद्रा धातूच्या स्वतःच्याच द्रव्यातून उगवतो, त्याची जाडी एक ते तीन नॅनोमीटर, म्हणजे अवघ्या काही अणुथरांइतकी असते, आणि ओरखडा पडला तरी परिस्थिती अनुकूल असल्यास तो क्षणार्धात पुन्हा धरतो. साध्या लोखंडाला असा पापुद्रा टिकविण्यासाठी तीव्र नत्राम्लासारखे जबरदस्त ऑक्सिडीकारक माध्यम लागते. क्रोमियमला हवेतील ऑक्सिजन पुरतो, आणि सुमारे १२ टक्के क्रोमियम मिसळले की लोखंडही आपल्या सोबत्याच्या गुणाने वागू लागते. आखन येथील फिलिप मोनार्ट्स यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही सीमा, तीमागील ऑक्सिडीभवनाचे तत्त्व, कार्बनाचा उपद्रव आणि मॉलिब्डेनमचा उपकार, या सर्व गोष्टी इतक्या स्वच्छपणे मांडल्या आहेत की, तो निबंध वाचताना या शास्त्राचा पाया त्या एका वर्षात भरला गेला असे म्हणण्याचा मोह होतो.

कीर्ती मात्र दुसऱ्यांच्या वाट्याला आली. एसेन येथील क्रुप कारखान्यात बेन्नो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी १९१२ मध्ये क्रोमियमच्या जोडीला निकेल घालून जे पोलाद सिद्ध केले, त्याचाच वंशज असलेले अठरा-आठचे पोलाद आज आपल्या घरातील डब्यांपासून नत्राम्लाच्या टाक्यांपर्यंत सर्वत्र वावरते. आणि शेफील्डच्या ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ च्या ऑगस्टमध्ये १२.८ टक्के क्रोमियम असलेली पोलादाची एक घाण ओतून घेतली. ब्रेअर्ली यांना बंदुकीच्या नळीची झीज थांबवावयाची होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी नमुना अल्कोहोलात मिसळलेल्या नत्राम्लाने कोरावा लागतो. हा नमुना कोरलाच जाईना. दुसरा एखादा असता तर आम्लाची बाटली शिळी झाली म्हणून त्याने ती बदलली असती. ब्रेअर्ली यांनी अडथळ्यालाच शोध मानले, तोच नमुना व्हिनेगर आणि लिंबाच्या रसाने तपासला, आणि बंदुका बाजूला ठेवून शेफील्डच्या सुऱ्याकात्र्यांच्या कारखानदारांच्या दारी ते खेटे घालू लागले. ज्या गावात हॅडफील्ड यांनी गंधकाम्लाच्या साक्षीवरून क्रोमियमला दोषी ठरविले होते, त्याच गावात नत्राम्लाच्या साक्षीवरून ते निर्दोष सुटले.

दोन आम्लांची साक्ष परस्परविरुद्ध का, याचे उत्तर आता देता येते. नत्राम्ल ऑक्सिडीकारक आहे. पापुद्रा धरण्यास लागणारा ऑक्सिजन ते स्वतःच पुरविते. मध्यम तीव्रतेचे गंधकाम्ल आणि सर्व तीव्रतांचे हायड्रोक्लोरिक आम्ल ही क्षपणकारक असून, तेथे पापुद्रा धरण्यास आधारच मिळत नाही, आणि हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइड तर असलेला पापुद्राही ठिकठिकाणी फोडून टाकते. म्हणून आम्ले ऑक्सिडीकारक की क्षपणकारक, या प्रश्नावर त्यांचे दोन तट पाडणे आणि प्रत्येक तटासाठी निराळ्या धातूची तजवीज करणे, हाच या शास्त्राचा खरा जाबता आहे. आणि गंमत अशी की, एकच आम्ल तीव्रतेप्रमाणे तट बदलते. ९३ ते ९८ टक्के गंधकाम्ल साध्या पोलादाच्या टाकीत आणि टँकरात वर्षानुवर्षे निर्धास्त राहते, कारण लोखंडावर फेरस सल्फेटाचा थर बसतो आणि तीव्र आम्लात तो विरघळत नाही. परंतु तीच टाकी रिकामी करून पाण्याची चूळ भरल्यासारखी अर्धवट धुतली, किंवा झाकणाच्या फटीतून पावसाळ्याची दमट हवा आत शिरली, की उरलेले आम्ल सौम्य होते आणि पोलाद खाऊ लागते. त्यातून निघणारा हायड्रोजन टाकीच्या माथ्याशी कोंडून राहतो, आणि अशा टाकीवर खातरजमा न करता वेल्डिंगची ठिणगी पाडणे म्हणजे प्राणाशी खेळ आहे. तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे येथील रासायनिक वसाहतींत काम करणाऱ्यांना हे सांगण्याची गरज पडू नये. तरीही ते सांगितलेच पाहिजे.

क्षपणकारक आम्लांच्या तटासाठी जो धातू कामी आला तो मॉलिब्डेनम, आणि त्याला आश्रय देणारा निकेल. निकेलचे स्फटिक इतर धातूंना मोठ्या प्रमाणात सामावून घेतात, ही त्याची उदारता लोखंडात नाही. इलिनॉय विद्यापीठातील सॅम्युएल पार यांना कोळशाची उष्णता मोजण्याच्या बॉम्ब-कॅलरीमापकासाठी अस्तराची गरज होती. कोळसा जळताना त्या बंद पात्रात नत्राम्ल आणि गंधकाम्ल दोन्ही तयार होत असल्याने तेथे प्लॅटिनमच वापरावे लागे, आणि प्लॅटिनमची किंमत प्राध्यापकाच्या आवाक्यातली नव्हती. त्यांनी निकेल, क्रोमियम, तांबे, मॉलिब्डेनम आदी धातूंचा जो मिलाफ साधला, तो १९१५ च्या सुमारास ‘इलियम’ या नावाने प्रसिद्धीस आला. दोन्ही तटांच्या आम्लांना एकाच वेळी तोंड देण्यासाठी जाणूनबुजून रचलेला हा बहुधा पहिलाच जटिल मिश्रधातू होय, आणि तो एका काटकसरीतून जन्मला, याचे मला विशेष वाटते.

पुढच्या पिढीतील हॅस्टेलॉय कुळात श्रमविभागाचे हे तत्त्व अधिक स्पष्ट झाले. त्यातील ‘बी’ जातीत सुमारे दोन तृतीयांश निकेल आणि जवळजवळ २८ टक्के मॉलिब्डेनम असते. क्रोमियम जवळपास नाहीच. उकळत्या हायड्रोक्लोरिक आम्लात टिकून राहणारे जे मोजके धातू आहेत, त्यांत याची गणना होते. परंतु त्याच आम्लात फेरिक लवणाचा अंश मिसळला किंवा हवा फुंकली, की हा मातबर धातू एखाद्या नवख्याप्रमाणे विरघळू लागतो, कारण ऑक्सिडीकारक परिस्थितीत बचाव करणारे क्रोमियम त्याच्या पदरी नाही. पोलादाचा गंज काढण्यासाठी वापरलेले आम्ल, ज्यात लोखंड आधीच उतरलेले असते, ते या धातूच्या नळातून वाहून नेण्याची चूक वारंवार झाली आहे. ‘सी’ जातीत याउलट १६ टक्के क्रोमियम आणि तितकेच मॉलिब्डेनम असून जोडीला थोडे टंगस्टन आहे. ती दोन्ही तटांत वावरते, मात्र निव्वळ हायड्रोक्लोरिक आम्लात ‘बी’ची बरोबरी करू शकत नाही. सर्वांना संतुष्ट करू पाहणाऱ्याला कोणाचाच पूर्ण संतोष मिळवता येत नाही, हे धातूंनाही चुकलेले नाही. गंधकाम्लासाठी रचलेल्या ‘अ‍ॅलॉय २०’ मध्ये तीनएक टक्के तांबे घालतात; आणि १४ टक्क्यांवर सिलिकॉन असलेले बीड जवळपास सर्व तीव्रतांच्या गंधकाम्लाला दाद देत नाही, पण हातोडीच्या एका फटक्याने काचेसारखे फुटते आणि हायड्रोफ्लोरिक आम्लापुढे त्याचे काही चालत नाही.

येथवर जे लिहिले ते जणू धातू आतून सर्वत्र एकसारखाच असतो असे मानून लिहिले. तो तसा नसतो, आणि अगंज पोलादाला आपल्या कारकीर्दीच्या पहिल्या दोन दशकांत जी बदनामी सोसावी लागली, ती नेमकी याच कारणाने. नव्या पोलादाची टाकी वेल्डिंगने जोडावी, ती आम्लाने भरावी, आणि काही महिन्यांनी वेल्डिंगच्या रेषेपासून थोड्या अंतरावर, दोन्ही बाजूंना समांतर अशा पट्ट्यांत धातू वाळूसारखा भुरभुरून जावा. वेल्डिंग शाबूत, पत्रा शाबूत, आणि मधलीच पट्टी बेदखल. कारण शोधता असे आढळले की, साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या टप्प्यात पोलाद काही काळ राहिले, तर त्यातील कार्बन स्फटिककणांच्या सीमांकडे धाव घेतो आणि तेथे क्रोमियमशी संयोग पावून कार्बाइड बनवितो. हे क्रोमियम कणसीमेच्या अगदी लगतच्या भागातून ओढले जात असल्याने त्या अरुंद पट्टीत त्याचे प्रमाण १२ टक्क्यांच्या खाली उतरते, आणि मोनार्ट्स यांनी आखलेल्या सीमेच्या आत असलेला धातू त्या सूक्ष्म रेषेवर सीमेबाहेर जातो. पत्र्याचे सरासरी पृथक्करण करावे तर १८ टक्के क्रोमियम बिनचूक भरते; सरासरीला या गुन्ह्याचा थांगपत्ताही लागत नाही.

यावर तीन उपाय निघाले, आणि तिन्ही आजतागायत अंमलात आहेत. टायटॅनियम किंवा नायोबियम हे कार्बनाचे क्रोमियमपेक्षाही अधिक ओढीचे सोबती असल्याने ते थोड्या प्रमाणात घालून कार्बनाला आधीच गुंतवून टाकावे, हा पहिला. वेल्डिंगनंतर सबंध वस्तू हजार अंशांवर तापवून झटकन निववावी, हा दुसरा, पण दोन मजली टाकी भट्टीत कशी घालणार हा प्रश्न त्याच्या पाठीशी कायमचा लागलेला. आणि कार्बनच ०.०३ टक्क्यांच्या खाली आणावा, हा तिसरा. तिसरा उपाय सर्वांत सरळ असूनही दीर्घकाळ सर्वांत महाग होता, कारण वितळलेल्या पोलादातला कार्बन ऑक्सिजनाने जाळावा तर त्याबरोबर क्रोमियमही जळते. ऑक्सिजनात आर्गॉन मिसळून फुंकण्याची युक्ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांत रूढ झाली, आणि मग ३०४ एल, ३१६ एल ही ‘एल’ची बिरुदे मिरविणारी पोलादे सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आली. हॅस्टेलॉय ‘सी’लाही हाच रोग होता, त्यातील कार्बन आणि सिलिकॉन अत्यल्प करून १९६० च्या दशकात सिद्ध केलेला सी-२७६ म्हणूनच मूळ जातीला मागे टाकून गेला. जटिल मिश्रधातूत काय घातले याइतकेच काय वगळले यालाही मोल आहे, आणि जाहिरातींच्या पत्रकांत दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच असतो.

महाराष्ट्राच्या भूमीवर या सर्व विद्येची अत्यंत कठोर परीक्षा तुर्भे येथे झाली. अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचे संयंत्र तेथे १९६४ मध्ये सुरू झाले. त्यात इंधन उकळत्या नत्राम्लात विरघळवावे लागते, आणि ज्या पात्रात हे काम चालते त्याच्याजवळ किरणोत्सर्गामुळे दुरुस्तीसाठी माणसाला फिरकता येत नाही. नत्राम्ल म्हणजे अगंज पोलादाचे हक्काचे माध्यम, तेथे काळजी कसली, असे वाचकाला वाटेल. परंतु ऑक्सिडीकारकतेलाही अतिरेक असतो. नत्राम्ल पुरेसे तीव्र व उकळते असेल, आणि पोलादातूनच उतरलेले क्रोमियम त्यात सहासंयुजी होऊन साचत गेले, तर पापुद्र्यातील क्रोमियमचेही पुढचे ऑक्सिडीभवन होऊन ते विरघळू लागते. निष्क्रियतेच्या पलीकडच्या या प्रदेशात कार्बाइडाचा मागमूस नसलेल्या कणसीमाही खणल्या जातात. ज्या ऑक्सिजनाने संरक्षण दिले, त्याचाच अतिरेक ते काढून घेतो. म्हणून अशा कामासाठी फॉस्फरस, सिलिकॉन आदी अशुद्धींवर कडक नियंत्रण असलेले नत्राम्ल-प्रतीचे पोलाद निराळे बनविले जाते, आणि अधिक बिकट जागी टायटॅनियम वा झिर्कोनियमकडे जावे लागते. कल्पक्कम येथील शास्त्रज्ञांनी याच हेतूने टायटॅनियममध्ये ५ टक्के टँटलम आणि १.८ टक्के नायोबियम घालून एक मिश्रधातू विकसित केला आहे. पहिल्या परिच्छेदातील हॅडफील्ड यांना नत्राम्लाची शिफारस मीच केली होती. ती किती बेताने घ्यावयाची, हे येथे दिसते.

गेल्या वीसपंचवीस वर्षांत या शास्त्रात एक नवा पंथ निर्माण झाला आहे, आणि त्याची कैफियत येथे नोंदविल्यावाचून प्रस्तावना पुरी होणार नाही. एक धातू मुख्य आणि बाकीचे आश्रित, ही जुनी व्यवस्था मोडून पाच किंवा अधिक धातू जवळजवळ समसमान वाट्याने मिसळावेत, ही कल्पना २००४ मध्ये तैवानचे जियेन-वेई ये आणि ऑक्सफर्डचे ब्रायन कँटर यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे मांडली. तिच्या आदल्या वर्षी बंगळूरचे एस. रंगनाथन यांनी ‘करंट सायन्स’मधील एका छोट्या लेखात या बहुधातुक मिश्रणांकडे लक्ष वेधले होते. कल्पना तशी पुरातन. बर्लिनच्या फ्रांट्स कार्ल आखार्ड यांनी, म्हणजे ज्यांनी पुढे बीटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना उभारला त्यांनीच, १७८८ मध्ये सात-सात धातूंपर्यंतची शेकडो मिश्रणे तपासून एक ग्रंथ छापला होता, आणि तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कोणी उघडला नाही. आपल्या पंचरसी मूर्तींचे स्मरण येथे अनेकांना होते, परंतु मूर्तिकाराचा हेतू आणि ओतकामाचे प्रमाण दोन्ही निराळी असल्याने तो संबंध ओढून आणू नये हे बरे.

या नव्या मिश्रधातूंविषयी जो उत्साह आहे त्यात मी अर्धाच सहभागी आहे. घटकांची संख्या वाढली म्हणजे आम्लरोधकता वाढली, असे मुळीच नाही. कोबाल्ट, क्रोमियम, लोखंड, मँगनीज आणि निकेल या पाचांचा जो मिश्रधातू कँटर यांच्या नावाने ओळखला जातो, त्यात क्रोमियम २० टक्के असूनही सौम्य गंधकाम्लात तो साध्या ३०४ एल पोलादापेक्षा कमी टिकतो, कारण मँगनीज पापुद्र्यात शिरून त्याला दुबळे करते. तांबे घातले तर ते इतरांत न मिसळता कणांच्या फटीत साचते आणि आम्लाला वाट काढून देते. ॲल्युमिनियम वाढविले तर धातूत दोन निरनिराळ्या रचना शेजारी शेजारी नांदू लागतात, आणि ज्या रचनेत क्रोमियम कमी तिच्यावर आम्लाची धाड पडते. याच्या दुसऱ्या टोकाला सेंदाई येथील प्रयोग आहे. तेथे १९७४ मध्ये नाका, हाशिमोतो आणि मासुमोतो यांनी लोखंडात केवळ ८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि जोडीला फॉस्फरस व कार्बन घालून, तो रस इतक्या वेगाने गोठविला की स्फटिक बनण्यास अवसरच राहिला नाही. कणच नाहीत म्हणून कणसीमाही नाहीत, आणि हायड्रोक्लोरिक आम्लात या फितींची झीज मोजण्याइतकीही होईना. हे यश घटकांच्या गर्दीने मिळालेले नसून एकजिनसीपणाने मिळालेले होते, आणि फॉस्फरसासारखा पोलादात निंद्य मानलेला घटक तेथे उपकारक ठरला.

आता तक्त्यांविषयी थोडे. धातू अमुक आम्लात वर्षाला इतके मिलिमीटर झिजतो, असे आकडे सर्व ग्रंथांत दिलेले असतात, आणि वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आतली झीज सामान्यतः समाधानकारक समजली जाते. हा आकडा सबंध पृष्ठभागावर झीज सारखी पसरली आहे असे गृहीत धरून वजनातील घटीवरून काढतात. एखाद्या ठिपक्याएवढ्या जागी खड्डा पडून पत्र्याला भोक पडले, तर वजनात घट नगण्य आणि टाकी मात्र निकामी. कणसीमांच्या तपासणीसाठी म्हणूनच स्वतंत्र परीक्षा आहेत. ह्युई यांच्या परीक्षेत नमुना ६५ टक्के उकळत्या नत्राम्लात अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तासांच्या पाच मुदती काढतो, आणि पहिल्या मुदतीपेक्षा पाचव्या मुदतीतील झीज वाढत गेली आहे काय, इकडे जाणकार अधिक लक्ष देतात.

शिवाय तक्त्यांतील आम्ल शुद्ध असते, कारखान्यातले नसते. ज्यांना खरोखर धातूची निवड करावयाची आहे त्यांनी निरनिराळ्या मिश्रधातूंच्या वजन केलेल्या पट्ट्या चालू टाकीतच टांगून ठेवाव्यात. काही पट्ट्या द्रवात पूर्ण बुडालेल्या, काही वाफेत, आणि काही नेमक्या द्रवाच्या पातळीवर असाव्यात, कारण या तिन्ही जागी ऑक्सिजनाचा पुरवठा भिन्न असतो. त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये टेफ्लॉनच्या चकत्या घालाव्यात. प्रत्येक पट्टीवर, ज्या सळईने आणि ज्या हाताने पुढे टाकी जोडली जाणार आहे त्याच हाताने घातलेला, वेल्डिंगचा एक सांधा अवश्य असावा.